दोष पायरीचा

त्या पायरीला तोंड असतं, तर तिने केव्हाच बोंब ठोकली असती. हॉल खाली, स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्या वर, आणि मधे जेमतेम दोन पायऱ्या. घर बांधणाऱ्याला त्यात काय शोभा दिसली देव जाणे. पण धाकटी लग्न होऊन त्या घरात आल्यापासून जे काही झालं, ते सगळं पायरीच्याच माथी मारलं गेलं. ओठ फुटला, पायरी. डोळा काळानिळा झाला, पायरी. आता उजवा हात प्लास्टरमध्ये होता, तर तोही पायरीनेच मोडलेला. मारणारा नवरा मात्र नामानिराळा.

खोटं सुरू केलं होतं धाकटीनेच. पहिल्यांदा डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काहीतरी बोलायला हवं म्हणून ती बोलून गेली, पायरीवरून पाय घसरला. नवऱ्याला ते इतकं सोयीचं पडलं की पुढे तिच्याआधी तोच सांगायला लागला. माहेरी तर तिचं नावच ‘धडपडी’ पडलं. भाचरं तिच्या पडण्याच्या नकला करायची आणि ती सगळ्यांबरोबर हसायची. हसताना तिला त्या सगळ्यांचा संताप यायचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

हात मोडल्यावर मात्र तिचा थोरला भाऊ, कापडाचं दुकान चालवणारा दादा, हट्टालाच पेटला. ती पायरीच काढून टाकायची, फरशी एका पातळीत आणायची, खर्च माझा, असं फोनवर ठणकावून सुट्टीच्या दिवशी सकाळी तो फरशीच्या मिस्त्रीला घेऊन दारात हजर झाला.

धाकटीला पुढचं दिसत होतं. पायरी गेली म्हणून नवरा मारायचा थांबणार होता थोडाच. फार तर दिसणार नाही अशा जागी मारेल. मग घरादाराला वाटेल, चला, फरशी सपाट झाली, धडपडी सुखी झाली. त्यानंतर तिला कुणी काही विचारणार नाही, कधीच नाही. सांगायचं तर आजच, दादा समोर असताना. पण दारावरची बेल वाजली तेव्हाच नवरा तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला होता, “डावा हात शाबूत आहे ना अजून? मग तोंड बंद ठेवायचं.”

मिस्त्रीने गुडघ्यावर बसून टेप लावली, भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या. “हॉलमध्ये भराव टाकून फरशी वर घेऊ. दार खालून कापावं लागेल, पंखा जरा डोक्याजवळ येईल. बाकी काही अडचण नाही.”

“अडचण नाही कशी?” वरच्या पायरीवर उभा राहून नवरा म्हणाला. “माझ्या घरात हातोडा चालवायचा, आणि मला कुणी विचारायचंही नाही?”

“आता विचारतोय की, जावईबापू,” दादा म्हणाला. “बहीण माझी पडते, म्हणून विचारतोय. ही पायरी धोक्याची आहे.”

झालं. नको तिथे बोट लागलं. नवरा कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. कुणाचं बोट कापलं, कुणी शिडीवरून पडलं, की चौकशी करून दोष कुणाचा ते ठरवायचं, हे त्याचं काम, आणि त्याचा त्याला कोण तोरा. त्याच्या घरात धोक्याची पायरी आहे, हे एका कापडदुकानदाराने त्याला सांगावं?

“धोक्याची? तुम्हाला यातलं काय कळतं हो?” त्याने मिस्त्रीच्या हातातली टेप हिसकावून घेतली. “ही उंची बघा. ही रुंदी बघा. अख्खं पाऊल बसतं. घसरायला फरशी गुळगुळीत नाही, उजेड भरपूर. या पायरीवरून माणूस पडूच शकत नाही. मी लिहून देतो.” आणि टेप मिस्त्रीकडे टाकून गड्याने खरंच डोळे मिटले, तरातरा खाली उतरला, परत वर चढला. “आई, जरा खाली ये.”

सासूबाई चहाचा कप हातात घेऊन उतरल्या. एक थेंब सांडला नाही.

“गुडघे गेलेत तिचे. आई, कधी पडलीस इथे?”

“मी कशाला पडू?” सासूबाई म्हणाल्या. मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्यांनी घाईघाईने कप तोंडाला लावला.

“मग हिचा हात कसा मोडला?” दादाने विचारलं.

नवऱ्याने स्वतःच्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि ते त्याला आत्ता कळलं. “हिचं लक्ष नसतं,” तो म्हणाला. “वेंधळी आहे. तुम्हाला माहितेय.”

दादाच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलेलं धाकटीने पाहिलं. त्याला उमगलं होतं, निदान थोडं तरी. आणि आता तोच दादा कसनुसं हसून म्हणत होता, “हो, धडपडी ती धडपडीच.” जे उमगलं त्यातून त्याला सुटका हवी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“हसू नकोस, दादा,” ती म्हणाली. “सगळ्यांचं बघून झालं. आता माझं बघ.”

तिने डोळे मिटले. प्लास्टरमधला हात छातीशी धरून ती पायऱ्या चढली, नवऱ्याच्या अंगाला चाटून वर गेली, वळली, आणि उतरली. पुन्हा चढली, पुन्हा उतरली. पाऊल कुठेच चुकलं नाही. खाली येऊन तिने डोळे उघडले.

“पायरीवरून मी एकदाही पडलेली नाही,” ती म्हणाली. “हात यांनी पिरगळला. ओठही यांनीच फोडला होता. सासूबाई तेव्हा तिथेच बसून लसूण सोलत होत्या.”

“घरातलं घरात राहू दे गं,” सासूबाई पुटपुटल्या.

“इतकी वर्षं?” दादा म्हणाला. “मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कधी? दर वेळी येऊन पायरीलाच शिव्या घालून गेलास. तुलाही तेच बरं पडत होतं.” तिचे शब्द आता अडत नव्हते. “मिस्त्री, टेप गुंडाळा. पायरीचं काहीच चुकलेलं नाही.”

मिस्त्री मान खाली घालून पिशवी भरू लागला. नवरा वरून हलला नव्हता. “झाला तमाशा?” तो म्हणाला, आणि मग हात मोडायच्या आधी काढला होता तोच मऊ आवाज त्याने काढला. “ये. वर ये. आपण दोघं आत बसून बोलू.”

त्या आवाजाला ती आजवर दर वेळी वर गेली होती. आत्ताही पाऊल उचललं गेलंच, ते तिने तसंच खाली ठेवलं.

“नाही येत,” ती म्हणाली.

नवरा एक पायरी उतरला. दादा पुढे झाला आणि दोघांच्या मधे उभा राहिला. तो बाजूला झाला नाही. धाकटीने डाव्या हाताने दाराची कडी काढली.