चिकटवलेली क्लॅरिनेट

रज्जाकचं त्या आठवड्यात एका जागी बूड टेकत नव्हतं. लोणावळ्याच्या बाजारात त्याचं फ्रेमचं दुकान, चांगलं वीस वर्षांचं. एरवी हा माणूस असा, की चौकटीच्या कोपऱ्यात केसभर फट राहिली तर जेवायचा विसरेल. आणि आता? काच कापायला घ्यायचा, अर्ध्यात सोडून दाराशी यायचा. दाराशी आला की आत काहीतरी पडलं असं वाटून परत फिरायचा. देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांची पदकं त्याने उलट्या क्रमाने बांधून ठेवली, आणि सुभेदारच ते, त्यांनी भर दुकानात याची परेड घेतली.

"अहो, तुम्हाला झालंय तरी काय?" लैलाने, त्याच्या बायकोने, तिसऱ्यांदा विचारलं. "चहा नाही मिळाला म्हणून ओरडताय. दोन कप झालेत तुमचे."

"काही नाही. उकडतंय."

उकडत होतं हे खोटं नाही, मे महिनाच होता. पण चोराच्या मनात चांदणं असतं ना, त्यातली गत. त्याची नजर सारखी गल्ल्यामागच्या भिंतीकडे जायची. तिथे खोक्यासारखी खोल फ्रेम टांगली होती. सागवानी चौकट, साडेतीन इंच खोल, पुढे काच, आत गर्द हिरवी मखमल, आणि मखमलीवर अब्बांची क्लॅरिनेट. काळीभोर नळी, चाव्या घासूनपुसून लख्ख. येणारं गिऱ्हाईक थांबून बघायचं आणि म्हणायचं, "वा! काय काम केलंय हो!" ते ऐकलं की रज्जाक पाठ फिरवून अंगठा खरवडत बसायचा.

झालं होतं ते असं.

अब्बा म्हणजे नवाजभाई बँडवाले. कामशेतपासून पवन मावळापर्यंत त्यांच्या क्लॅरिनेटवर नवरदेव घोड्यावर चढले नाहीत असं गाव शोधून सापडायचं नाही. रज्जाकलाही लहानपणी बँडचा लाल कोट घालून झांजा वाजवाव्या लागायच्या. शाळेतली पोरं चिडवायची. सोळाव्या वर्षी त्याने कोट काढून खुंटीला लावला आणि एका फ्रेमवाल्याकडे काम धरलं. अब्बांनी अडवलं नाही. स्वतः मात्र शहात्तर वर्षांचे झाले तरी फुंकत राहिले. यंदा फेब्रुवारीत एका उरुसात वाजवता वाजवता मटकन खाली बसले, ओठ जांभळे पडले. मग चार दिवस दवाखाना, नाकात नळ्या. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, "बाबांची फुप्फुसं पार थकलीत. आता एक फुंकसुद्धा मारायची नाही."

रज्जाकने क्लॅरिनेट कपाटात ठेवली. अब्बांनी शोधली. ट्रंकेत ठेवली. अब्बांनी तिथूनही शोधून काढली. म्हातारा नळीला तोंड लावायचा, दोन सूर निघायचे, आणि मग घरभर खोकला. शेवटी रज्जाकला युक्ती सुचली. "अब्बा, तिची छान फ्रेम करू या. दुकानात लावू. तुमचा मान होईल."

अब्बांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "मान करतोस का कैद करतोस?"

"काहीतरीच काय, अब्बा!"

"कर मग. पण मला पाहिजे तेव्हा काढता आली पाहिजे."

ते तर धंद्याचंच तत्त्व होतं. रज्जाकच्या उस्तादाने त्याला पहिल्या दिवशी शिकवलेलं, की दुसऱ्याच्या वस्तूला गोंद लावायचा नाही. पदक असो, बाळाचं टोपडं असो की आजीच्या लुगड्याचा पदर असो, पाठीच्या फळीला बारीक भोकं पाडायची, नायलॉनच्या दोऱ्याने वस्तू बांधायची आणि मागे गाठी मारायच्या. उद्या मालकाला वाटलं तर गाठी कापून वस्तू जशीच्या तशी हातात यायला हवी. वीस वर्षांत रज्जाकने हा नेम मोडला नव्हता.

फ्रेम बनवायचे ते पाच दिवस फार चांगले गेले. अब्बा स्टुलावर बसून हुकूम सोडायचे. "सरळ नको, जरा तिरपी ठेव, वाजवणारा धरतो तशी. अरे, मखमल लाल नको, लाल बँडवाल्यांचा कोट असतो!" आणि स्वतःच हसायचे. बापलेकात इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. रज्जाकने सहा ठिकाणी दोरा बांधला, पाठ आठ स्क्रूंनी बसवली आणि सोमवारी सकाळी फ्रेम भिंतीवर चढवली.

आणि सोमवारीच दुपारी कोंडू आला. वडिवळ्याच्या वरच्या वाडीतला हा भातशेती करणारा माणूस, बायकोने दिलेली तांदळाची पिशवी खांद्यावर, हातात लग्नाची पत्रिका.

"आबा, हर्षदाची हळद येत्या शनवारी हाय. तुमी आल्याबिगर जातं हलायचं न्हाई, ठावं हाय न्हवं?"

कोंडूच्या घराची ती रीतच होती. हळद दळायला बायका जात्याभोवती बसतात, पण नवाजच्या क्लॅरिनेटचा पहिला सूर लागल्याशिवाय कुणी खुंट्याला हात लावत नाही. कोंडूची आई बाया, तिच्या लग्नात हे सुरू झालं. त्या दिवशी नवाजचे वडील तापाने फणफणले होते म्हणून चौदा वर्षांच्या नवाजने पहिल्यांदा एकट्याने वाजवलं. तिथून पुढे बायाच्या नणंदा, बायाच्या लेकी, कोंडू स्वतः, सगळ्यांची हळद त्याच सुरावर दळली गेली. आता नात.

"येतो ना," अब्बा म्हणाले. "पहिला सूर माझाच."

"अब्बा, डॉक्टरीणबाई—"

"एक सूर, रज्जाक. एकच."

एका सुरावर थांबलेला वाजवणारा रज्जाकने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे ते जांभळे ओठ आले. दवाखान्याच्या बाकड्यावर काढलेले चार दिवस आले. मंगळवारी दुपारी अब्बा घरात आडवे झाले, लैला बाजारात गेली, आणि रज्जाकने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

फ्रेम उतरवली. पाठ काढली. गाठी सोडवल्या. दोन ट्यूबांचं ते चिकट मिश्रण, ज्याने दगडाला दगड बसतो, ते त्याने क्लॅरिनेटच्या पोटाखाली तोंडापासून भोंग्यापर्यंत ओतलं. वरून दाबून धरलं. पुन्हा दोरे तसेच बांधले, तशाच सहा गाठी, तसेच आठ स्क्रू. समोरून पाहणाऱ्याला काही कळायची सोय नव्हती. पाच मिनिटांचं काम. अंगठ्याला लागलेला डिंक मात्र रॉकेलनेही निघाला नाही, आणि तेव्हापासून तो सारखा अंगठा खरवडत होता.

बरं, करून मोकळा तरी झाला असता! पण नाही. इकडे अब्बांची तयारी सुरू. क्लॅरिनेटच्या तोंडाला बांबूसारख्या बोरूची पातळ पत्ती लागते. अब्बांनी नव्या तीन पत्त्या आणून ब्लेडने तासल्या, वाटीत भिजवल्या, उजेडात धरून पाहिल्या. खिडकीत बसून रिकाम्या मुठीत हळूहळू फुंकायचे, छाती भरते का बघायचे. रज्जाक दारातून बघायचा आणि काम असल्यासारखा तिथून पळायचा. शुक्रवारी नमाजहून येताना त्याने मनाचा हिय्या केला.

"अब्बा, एक सांगायचं होतं."

"सांग की."

"उद्या... गाडीत पेट्रोल भरायला पाहिजे."

"मग भर," अब्बा म्हणाले.

शनिवारी सकाळी अब्बा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, रिकामी पेटी हातात घेऊन दुकानात हजर. "काढ ती."

"स्क्रू ड्रायव्हर सापडत नाहीये."

"तुझ्या खिशात आहे."

आता? रज्जाक खांबासारखा उभा राहिला. अब्बांनी त्याच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, फ्रेम टेबलावर पालथी घातली आणि आठही स्क्रू स्वतः फिरवले. सहा गाठी ब्लेडने कापल्या. पाठीची फळी उचलून सरळ केली आणि दोन्ही हातांनी क्लॅरिनेट उचलायला गेले. फळीच वर आली. पुन्हा उचलली, पुन्हा फळी वर. मग त्यांनी नळीच्या कडेने हळूच नख फिरवलं. थिजलेल्या डिंकाची रेघ नखाला लागली.

रज्जाकला वाटलं, आता शिव्या पडणार, आणि पडाव्यात असंही वाटलं. अब्बा खुर्चीवर बसले.

"किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं."

"मला सात वर्षं लागली होती, नीट वाजवायला."

"तुमच्या जिवासाठी केलं मी!" रज्जाक ओरडलाच. पाच दिवसांचं सगळं एकदम वर आलं. "त्या दिवशी तुम्ही मेला असतात, अब्बा! मी तुमचे ओठ बघितले. तुम्ही नाही बघितलेत!"

आवाज ऐकून लैला धावत आली. टेबलावरची फळी बघून तिने तोंडावर हात ठेवला. अब्बा कितीतरी वेळ क्लॅरिनेटच्या चाव्या दाबत होते. चाव्या मात्र अजून हलत होत्या.

"ओढून काढली तर लाकूड चिरेल ना?"

"चिरेल," रज्जाक म्हणाला.

"गाडी काढ. हळदीला उशीर होतोय."

लोणावळ्यापासून कामशेतपर्यंत आणि तिथून आत नाणे मावळात धरणाकडे, सगळ्या वाटेत अब्बा खिडकीबाहेर बघत बसले. रज्जाकने तीनदा गिअर चुकवला. वाडीच्या चढावर गाडी बंद पडली, तेव्हा त्याला मनापासून वाटलं की आता ही चालूच होऊ नये. झाली.

मांडवात दहा-बारा बायका जात्याभोवती बसल्या होत्या. हर्षदा मधोमध पाटावर, आंब्याचा टहाळा वर बांधलेला. बाया खांबाला टेकून बसली होती, अब्बांच्याच वयाची, बोळकं झालेलं तोंड, पण आवाज खणखणीत.

"आला गं बाई माजा भाऊ! कवाची वाट बगतुया. आन् पिपाणी कुटं हाय?"

रज्जाकने मान खाली घातली. शेजारी अब्बा अगदी सहज म्हणाले, "पत्ती फुटली, बाया. ऐन वेळेला दगा दिला. तोंडानेच देतो सूर, चालेल ना?"

त्या सदऱ्याच्या खिशात तीन कोऱ्या पत्त्या होत्या. लेकाची अब्रू जाऊ नये म्हणून हा माणूस बायाच्या नातीच्या हळदीत उभं खोटं बोलला, आणि आता डोळे मिटून छातीत श्वास भरू लागला. छातीतली शिट्टी रज्जाकला स्वच्छ ऐकू आली.

"थांबा अब्बा!" तो पुढे झाला. "पत्ती नाही फुटली. मावशी, मी... मीच ती चिकटवली. फ्रेममध्ये. डिंकाने. ती आता निघत नाही."

कोंडू जमिनीकडे बघू लागला. हर्षदाने डोळे मोठे केले. बायाने रज्जाकला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चिकटवली?"

"हो."

"आन् बापाला कवा चिकटवतूस भिताडाला? त्यो बी लय हिंडतुया."

एक पोरगी फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. एवढा पन्नाशीला आलेला बाप्या, पण बायकांच्या घोळक्यात उभा राहून त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लपवायलाही जागा नव्हती.

"रडू नगंस आता," बाया म्हणाली. "पिपाणी भिताडाला, म्हाताऱ्याच्या छातीत दम न्हाई. पर माज्या नातीची हळद काय मुक्यानं दळायची व्हय? मागं राह्यलं कोन? तूच."

"मला नाही येत, मावशी."

"येतं त्याला," अब्बा म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी रज्जाककडे बघितलं. "रोज अंघोळ करताना गुणगुणतो. चुकीचं, पण गुणगुणतो."

आता मात्र मांडवच हसला. हर्षदाही हसली. बायाने जात्याचा खुंटा पुढे सरकवला आणि वाट बघत बसली, सगळ्याच बायका वाट बघत बसल्या. रज्जाकने नाक पुसलं, डोळे मिटले आणि तोंडाने तो पहिला सूर धरला. कापत होता, बसका होता, पण सूर होता. खुंट्याला हात पडले. जातं घरघरलं, हळदीचा वास सुटला आणि बायकांनी ओवी उचलली.

दुसऱ्या ओळीत सूर वर चढतो, तिथे रज्जाकचा आवाज फाटला. त्याच क्षणी शेजारून अब्बांचा आवाज आला, बारीक, पण जागेवर, आणि त्याने रज्जाकचा सूर उचलून वर नेला. दोन फेरे झाले. तिसऱ्या फेऱ्याला अब्बांचा दम तुटला, छातीत ती शिट्टी वाजली, आणि रज्जाकचा हात आपोआप त्यांच्या दंडाकडे गेला. गाणं न थांबवता त्याने डोळे उघडून पाहिलं. अब्बा घामाघूम झाले होते, ओठ अजून जांभळे नव्हते, आणि चेहरा असा फुलला होता की फेब्रुवारीपासून कुणी तसा पाहिला नव्हता. रज्जाकने हात मागे घेतला. अब्बा श्वास घेऊन पुन्हा सुरात आले, तेव्हा त्यांचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याने आपला थोडा खाली केला.