माझ्या पाठीवरचा स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना वायुभारमापक आहे. मला घड्याळ समजून वेळ विचारणारे बरेच भेटले. त्यांना मी मनातल्या मनात कोपरापासून नमस्कार केला. हवेचा दाब सांगणं हे माझं काम. दाब उतरला की काटा 'स्टॉर्मी'कडे, म्हणजे वादळाकडे. चढला की 'फेअर'कडे, म्हणजे स्वच्छ हवेकडे. एवढं कळायला फार अक्कल लागत नाही. तेवढीही जिथे नव्हती, नेमक्या त्याच घरी मी आलो.

वायटूकेच्या साली संगणकाच्या कामासाठी गेलेल्या अवधूतने मला अमेरिकेतल्या एका बंदरातून आणलं आणि सदाशिव पेठेत वडिलांच्या, म्हणजे दीनानाथरावांच्या, फ्लॅटमध्ये टांगलं. मी समुद्रसपाटीला जुळवलेला. पुणे उंचावर. उंचावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाबही कमी. माझा काटा थेट 'स्टॉर्मी'वर जाऊन बसला. जुळवायचा स्क्रू माझ्या पाठीवरच आहे आणि सोबत माहितीपत्रकही होतं. पण ते वाचण्याचे कष्ट संगणकाचे इंजिनिअर कशाला घेतील!

मे महिना होता. अवधूतची बहीण ऋचा, तिचं लग्न तोंडावर आलेलं. रुखवतात आईच्या हातच्या कुरडया हव्यात, म्हणून मंदाकिनीबाईंनी गहू भिजवून चीक काढला. दीनानाथराव गच्चीच्या दारात आडवे उभे राहिले.

"वादळ येतंय. आज काही घालायचं नाही."

"अहो, आभाळात ढगाचा ठिपका नाही!"

"आभाळ पुण्याचं आहे, यंत्र अमेरिकेचं."

दुसऱ्या दिवशीही तेच. चीक आंबला आणि मोरीत गेला. वादळ काही आलं नाही. बाईंचं मला फार वाईट वाटलं, यजमानांचं मुळीच नाही.

मंदाकिनीबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांनी मला रागारागाने भिंतीवरून उतरवलं, पाठ पाहिली, वेधशाळेत फोन करून दाबाचा आकडा विचारला आणि स्क्रू फिरवून काटा त्यावर आणला.

"अगं, वॉरंटी जाईल!"

"चीक तर गेलाच आहे."

पुन्हा चीक काढला. कुरडया गच्चीवर पडल्या आणि बाई पत्रिका वाटायला बाहेर गेल्या. दुपारी दाब खरोखरच उतरू लागला. मी जीव तोडून काटा खाली नेला. दीनानाथरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "झालं! बिघडवलं शेवटी," असं म्हणून ते वामकुक्षीला गेले. वळवाने सगळ्या कुरडयांची लापशी केली.

रुखवतात दुकानातल्या कुरडया मांडल्या गेल्या. मंदाकिनीबाईंनी त्या ताटाकडे एकदाही पाहिलं नाही. दीनानाथराव मात्र पाहुण्यांना सांगत होते, "वळीव येणार हे आमच्या यंत्राने आधीच सांगितलं होतं, बरं का!"

पाठवणीच्या वेळी त्यांनी मला ऋचाच्या हाती दिलं. तिचं सासर पाचगणीला. उंचीने पुण्याच्या दुपटीहून जास्त.

"जावईबापू, स्क्रूला हात लावू नका. हिच्या आईने अगदी बरोबर लावलाय."

तेव्हापासून मी पाचगणीत आहे आणि माझा काटा 'स्टॉर्मी'च्याही खाली आहे. मित्रांनो, यंत्राला नावं ठेवण्याआधी आणि त्याच्या पाया पडण्याआधीही, आपण किती उंचीवर राहतो ते बघा. पाठीवरचा स्क्रू शोभेसाठी नसतो.

बाहेर लख्ख ऊन पडलंय. ऋचाने चीक काढलाय. आणि जावईबापू गच्चीच्या दारात आडवे उभे आहेत.