नरसिंगरावांचे हात

चाळीस वर्षांच्या संसारात नरसिंगरावांनी बायकोला कधी पाण्याचा पेला दिल्याचं नायगावात कुणी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सरजाबाईंचं डायलिसिस सुरू झालं आणि गडी पार बदलला. पेल्याचं सोडाच, आता चप्पलसुद्धा तेच घालायचे बाईंच्या पायात. उठवायचं त्यांनी, बसवायचं त्यांनी. डायलिसिससाठी नांदेडला जाताना तर काखेत हात घालून बाईंना गाठोड्यासारखं एसटीत चढवायचे. आजवरची कसर भरून काढतोय, असं त्यांना वाटे.

सरजाबाईंना मात्र त्या पायरीवर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अख्खी एसटी बघायची. एकदा तरी आपल्या पायांनी चढावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

डायलिसिस सेंटरवर व्यायाम शिकवायला बुद्धप्रिया मॅडम नव्याने आल्या. मशीन चालू असतानाच त्यांनी बाईंच्या पायाशी छोटं पेडल ठेवलं. नरसिंगराव धावलेच.

"मॅडम, रगत बाहीर फिरून राहिलंय, अन् त्यात सायकल?"

"डॉक्टरांना विचारलंय, बाबा. आजींचे पाय आजारानं कमी अन् तुमच्या सेवेनंच जास्त गेलेत."

ते नरसिंगरावांच्या वर्मी लागलं.

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे बाईंना घरी रोज खुर्चीवरून दहा वेळा उठायचं-बसायचं होतं. नरसिंगरावांनी फक्त मोजायचं, हात लावायचा नाही. चौथ्यालाच बाई लटपटल्या आणि यांचे हात गेलेच पुढं. "ऱ्हाऊ द्या की!" बाई खेकसल्या. दुसऱ्या दिवसापासून ते हात मांडीखाली दाबून बसू लागले. तरी जीव राहीना, मग सहानंतर एकदम आठ म्हणायचे.

"सात कुटं गेलं?" बाई विचारायच्या, आणि सातवी उठबस काढायच्या.

दोन महिन्यांनी एका मंगळवारी स्टँडवर एसटी लागली. सरजाबाईंनी डायलिसिसची सुई टोचतात तो हात सांभाळत दुसऱ्या हातानं दांडी धरली. एक पाय वर गेला. दुसरा मात्र जरा अडला.

"बाबा, धरा की त्यांना!" मागून कुणीतरी ओरडलं.

नरसिंगरावांनी हात पाठीमागं घट्ट धरले होते. बाईंनी दम घेतला, आणि चढल्या. थेट खिडकीशी जाऊन बसल्या.

नरसिंगराव डोळे पुशीत खालीच उभे. कंडक्टरनं घंटी मारली.

"अवो, चढा की!" बाई खिडकीतून ओरडल्या. "का मी उतरून घ्यायला यू?"

सगळे हसले. नरसिंगराव खरंच 'ये' म्हणणार होते. तिला आणखी एकदा चढताना बघायचं होतं.