खोली भाड्याने देणे आहे

लेक मॅक्रोइकॉनॉमिक्समध्ये दोनदा आपटली होती. दोन्ही वेळा आईने आधी बजावलं होतं, "नापास झालीस तर तुझी खोली भाड्याने देईन." आणि दोन्ही वेळा निकालाच्या दिवशी तिच्या आवडीचं जेवण करून तिला पोटभर वाढलं होतं.

आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. घरी यावं तर राणीसाहेब पलंगावर लोळत पाठांतर करताना दिसायच्या.

"काय वाचतेस?"

"सरकारी धोरण. समज, सरकार म्हणालं, महागाई वाढू देणार नाही. पण वेळ आली की ते कच खाणार, हे लोकांना ठाऊक असतं. मग लोक कशाला मनावर घेतील?"

"मग सरकारने करायचं काय?"

"स्वतःचेच हात बांधून घ्यायचे. माघारीला वाटच ठेवायची नाही." लेकीने जांभई दिली. "तुझ्यासारखंच आहे गं सरकार. नुसतं तोंडाने बोलतं."

आईला हे चांगलंच झोंबलं. दुकानात चष्मा न्यायला आलेली एक नर्स जागा शोधत होती. तिच्याशी आईने बोलणं केलं: पोरगी पास झाली तर तुम्ही बाहेरच्या खोलीत माझ्याजवळ झोपा, नापास झाली तर खोली तुमची. नर्सला कुठेही झोप येत असे. आगाऊ भाडं घेऊन आईने लगेच गळकं छत दुरुस्त करून घेतलं, म्हणजे पैसे परत करायची सोयच उरली नाही. सगळं लेकीच्या कानावर घातलं. लेक म्हणाली, "बरं."

निकाल लागला. लेक पुन्हा आपटली. नर्स बॅग घेऊन दारात हजर.

आईला भडभडून आलं. "मला वाटलं गं, या खेपेला तरी तू पास होशील," ती म्हणाली, आणि रडत रडतच तिने लेकीची गादी स्वयंपाकघरात नेऊन टाकली. नर्स खोलीत जाऊन घोरूही लागली.

लेक गादीवर बसली. मग म्हणाली, "आणि पुढच्या वेळी? आता काय भाड्याने देशील?"

आईने नाक पुसलं. "स्वयंपाकघरासाठीही एकाने विचारलंय."

ही शुद्ध थाप होती. स्वयंपाकघर कोण घेणार? पण लेक तिच्याकडे टक लावून बघत राहिली, आणि मग तिने पुस्तक ओढून पहिलं पान उघडलं. आई घाईघाईने पाठ फिरवून भांडी घासायला लागली. चेहरा दिसला असता, तर सगळ्यावर पाणी पडलं असतं.