दाराआडचा अडसर

सन एकोणीसशे छप्पन, पौषातली थंडी. तेव्हा मी लालबागच्या एका चाळीत, लहूच्या खोलीत होतो. मी अडसर. माझगावच्या गोदीत मोडलेल्या जहाजाचा साग. रात्री दारावर आडवा, दिवसा कोपऱ्यात उभा. चोर बाहेर ठेवणं हे माझं काम.

चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. लहू लावायचा. मला खोबणीत बसवायचा आणि बायकोला, दुर्गाला, मारायचा. बंद दार बघून चाळीला कळायचं. कळूनही चाळ गप्प.

लहू गिरणीत बदली कामगार. काम मिळालं नाही की हातभट्टीची ढोसून यायचा. बापानेही आईला असंच सरळ ठेवलं, हे ऐटीत सांगायचा. पण बिनकामाचे चाळीत वीस जण होते. सगळ्यांचे हात उठत नव्हते.

शेजारी जाईबाईची खानावळ. ती म्हणायची, "सोस गो बाय. पोर झालं की येईल ताळ्यावर."

दर दिवाळीला दुर्गा मला तेल चोळायची. आणि मी तिलाच कोंडायचो. सांगायला लाज वाटते. तरी सांगतो.

मग संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलं. संचारबंदी लागली, गिरण्या बंद. भरदिवसा सगळ्यांचीच दारं लागली. त्यात लहूचं दार कुणाला वेगळं दिसेना. तिसऱ्या दिवशी दुर्गाचा हात मोडला.

चौथ्या दिवशी दोन तासांची सूट मिळाली. लहू भट्टीकडे पळाला. जाईबाई भाकरी घेऊन आली आणि तो लोंबता हात बघून दारातच खाली बसली.

"माझं चुकलं गो. तुझा भाऊ काळाचौकीलाच ना? मी आणते त्याला. तोवर दार उघडू नको."

दुर्गाने एका हाताने मला उचलून खोबणीत बसवलं. दिवसाउजेडी तिने स्वतः, पहिल्यांदाच.

लहू आधी आला.

"दुर्गे, उघड! चाळीत माझं नाक कापतेस?"

"आणि माझा हात?"

लाथा बसल्या. खांद्याची धडक बसली. खोबणीचे खिळे करकरले. दुर्गा मला पाठ लावून उभी होती. तिची धडधड माझ्यात उतरत होती. मी वाकलो नाही.

जिन्यावर पावलं वाजली. लहूचा आवाज एकदम नरमला.

"दुर्गा, मी रघू. चल घरी." भावाचा आवाज होता.

तिनेच मला काढलं.

पाच दिवाळ्यांचं तेल होतं अंगावर. फिटलं.