तीन ओळींचे समाधान

कृतज्ञता सक्तीची केली की तिचे काय होते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने त्या वृद्धालयाच्या तळमजल्यावर जावे. तेथे प्रत्येक खाटेच्या उशाशी एक वही टांगलेली असे. तीत रोज तीन ओळी लिहायच्या: पहिली आपल्या माणसांविषयी, दुसरी बालपणीच्या आठवणीविषयी, तिसरी त्या दिवशी लाभलेल्या एखाद्या सुखाविषयी. समाधानी माणसाचा मेंदू उशिरा झिजतो, असा तेथील डॉक्टरांचा सिद्धान्त होता. आणि सिद्धान्त आला की पाठोपाठ शिक्षाही येतेच. ज्याची वही महिनाभर कोरी राही तो ‘प्रतिसादशून्य’ ठरे आणि त्याची रवानगी वरच्या मजल्यावर होई. वर एकाच दालनात चोवीस खाटा होत्या, खिडक्या छताला टेकलेल्या होत्या, आणि घरच्यांची भेट आठवड्यातून एकदा, अर्धा तास.

खाली मात्र रोज येता येई, आणि थोरली रोज येई. शाळेच्या ग्रंथालयातले काम आटोपले की ती अण्णांच्या खाटेशी स्टूल ओढून बसे. अण्णा तिचे वडील. चाळीस वर्षे छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेले. एकवीस दिवस झाले तरी त्यांची वही कोरीच होती.

“तीन ओळी, अण्णा. तुमच्या हातून पुस्तकंच्या पुस्तकं गेलीत.”

“ती दुसऱ्यांची. आणि लेखकाच्या सहीशिवाय एक पान छापलं नाही कधी.”

“पण लिहायला काय हरकत आहे? आई होती, आम्ही होतो. चांगलंच होतं की सगळं.”

“चांगलं होतं, म्हणून तर.” अण्णांनी कूस बदलली. “चांगल्याची हजेरी द्यायची नसते, पोरी.”

थोरलीने वही पिशवीत घातली. वह्या महिनाअखेरीसच तपासल्या जात. नऊ दिवस हातात होते. ग्रंथालयात, मधल्या सुट्टीच्या गलक्यात, तिने डाव्या हाताने थरथरते अक्षर काढून पाने भरायला सुरुवात केली. अण्णांच्या बालपणाची तिला ओळभरही माहिती नव्हती. तेव्हा स्वतःचेच बालपण तिने त्यांच्या नावावर चढवले. भावंडांत मिळून असलेले एकच पांघरूण, आणि भिंतीकडची जागा पटकावण्यासाठी संध्याकाळपासून केलेले झोपेचे सोंग. छापखान्यातून आणलेल्या कागदी कातरणांपासून आईने शिवलेल्या वह्या, इतक्या अरुंद की एका ओळीत दोनच शब्द मावत. नव्वद ओळी लिहायच्या होत्या. त्या लिहिताना ती सुखी होती, ही गोष्ट तिला पुढे फार लागली.

अडले ते तिसऱ्या ओळीपाशी. ‘आजचे सुख’ म्हणून त्या इमारतीत काय सापडणार? ‘चहा गरम होता’ हे बारा वेळा लिहून झाले. मग तिने जुन्या संध्याकाळीच तेथे आणून बसवल्या: आज बायकोने रॉकेलच्या बोळ्याने माझ्या बोटांची शाई पुसली, एकेक बोट मोजावे तसे.

महिना भरला आणि व्यवस्थापिकेने थोरलीला बोलावले. खालचे सगळे म्हातारे या बाईंना साखरबाई म्हणत. त्यात कौतुक नव्हते.

“किती सुंदर लिहितात हो तुमचे वडील,” साखरबाई म्हणाल्या. “डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.”

“वाचन आहे त्यांचं.”

“हं. बारा तारखेला त्यांच्या पत्नीनं त्यांची बोटं पुसली. सोळाला दोघं गच्चीवर कपडे काढायला गेले. त्यांना जाऊन किती वर्षं झाली?”

“अकरा.”

“म्हणजे भ्रम. डॉक्टरसाहेबांनी तसा शेरा दिलाय. भ्रमाचे पेशंट वर असतात. सोमवारी हलवू या.”

थोरली म्हणाली, “ते मी लिहिलंय. त्यांनी एक अक्षर लिहिलेलं नाही. डोकं अगदी शाबूत आहे त्यांचं.”

“एक अक्षर नाही?” साखरबाईंनी मायेने विचारले. “अरेरे. मग प्रतिसादशून्य. तेही वरच असतात.”

इकडे आड तिकडे विहीर, असे आपण म्हणतो. येथे दोन्हीकडे जिनाच होता.

थोरलीने हात जोडले. साखरबाईंनी घड्याळ पाहिले. “चार वाजता डॉक्टरसाहेब येतील. त्यांच्यासमोर आजोबांनी तोंडी तीन ओळी सांगितल्या, तर माझं काही म्हणणं नाही.”

थोरलीने वही मागून घेतली, अण्णांपुढे ठेवली आणि सगळे सांगून टाकले. अण्णांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीखालून बोट फिरवत वाचले, मुद्रित तपासावे तसे.

“हे बोटांचं तू कधी पाहिलंस? झोपलेली असायचीस की.”

“सोंग असायचं.”

“खरंय सगळं.” त्यांनी वही मिटली. “आणि हे तू त्या बाईला वाचायला दिलंस.”

“तुम्ही खाली राहावं म्हणून. अण्णा, तीनच ओळी. मला रोज यायचंय.”

अण्णांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. “चल.”

डॉक्टर तरुण होते, प्रसन्न होते. “बोला आजोबा, मोकळेपणानं.”

अण्णा म्हणाले, “माझी बायको मेली आहे. माझी मुलगी माझ्या नावानं खोटं लिहिते, कारण तिला रोज यायचंय. आज चहा गरम होता.”

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. “तिसरी चालेल,” ते म्हणाले. “पहिल्या दोन नकारात्मक आहेत.” आणि त्यांनी तशी नोंद केली. दुसऱ्या ओळीइतके कृतज्ञ वाक्य त्या इमारतीत आजवर कोणी उच्चारले नव्हते. पण तज्ज्ञाला ते ऐकू येण्याचे कारण नव्हते.

“मुद्दाम केलंत,” थोरली बाहेर येऊन म्हणाली.

“मुद्दाम नाही गं. तेवढंच सुचलं.”

सोमवारी अण्णांना वर नेले. पुढच्या रविवारी भेटीच्या वेळी थोरली गेली, तेव्हा ते अकराव्या खाटेवर छताकडे पाहत पडले होते. वर वह्या नव्हत्या. वरच्यांकडून समाधानाची अपेक्षा नसे. थोरलीने स्टूल ओढले आणि त्यांची चादर नीट केली.

“एखादी आठवण सांग,” अण्णा म्हणाले. “वहीतली नको. ती त्यांची झाली.”

थोरली आठवू लागली. पांघरूण वहीत गेले होते. कातरणे, गच्ची, बोटे, आईने भिंतीवर केलेल्या उंचीच्या खुणा, सगळे गेले होते. नव्वद ओळींत तिने घर झाडून नेले होते. ती धुंडाळत राहिली, अण्णा वाट पाहत राहिले, आणि दारातल्या परिचारिकेने दोन बोटे वर केली: दोन मिनिटे.

“एकदा आपण सगळे नावेत बसलो होतो,” थोरली म्हणाली. घरचे सगळे मिळून नावेत कधीही बसले नव्हते. “मध्यावर गेल्यावर तुम्हाला आठवलं, घराचं दार उघडंच राहिलंय. आई म्हणाली, राहू दे, चोराला काय मिळणार? सगळं तर नावेत आहे.”

अण्णांनी डोळे मिटले. “हो,” ते म्हणाले. “आणि परत आलो तर दार लावलेलं होतं. शेजाऱ्यांनी.”

हे तिच्यासाठी होते, की डॉक्टरांचा शेरा आता खरा होऊ लागला होता? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना, आणि विचारण्याची तिची छाती झाली नाही. परिचारिका जवळ येऊन उभी राहिली. थोरलीने स्टूल जागच्या जागी ठेवले.