रसवंतीतली गप्प पट्टी

मित्रांनो, नखाएवढी काचेची पट्टी म्हणजे मी. आता बुलढाण्यात, कॉलेजच्या कपाटात निवांत पडून असते. पण एके काळी चिखलीतल्या एका रसवंतीची अब्रू माझ्या अंगावर होती बरं!

ती रसवंती बनाबाईची. तिचा उसाचा रस इतका गोड, की समोरचे कापडवाले हिंमतराव एकदा थट्टेत म्हणाले, "सॅकरिन गिन टाकून राह्यली का वं, बनाबाई?" थट्टा कानोकानी झाली आणि लोकांना खरीच वाटली. गिऱ्हाईक तुटलं. चरकाची घुंगरं दिवसदिवस वाजेनात. बनाबाईची लेक काजल रसायनशास्त्र शिकत होती. आईचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. "माय, थांब. मी लोकायले दाखोतोच," ती म्हणाली.

तिनं सॅकरिनभोवती प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म मणी घडवले, मग त्यातलं सॅकरिन धुऊन काढलं. ओल्या मातीत दाबलेला चिंचोका काढला की त्याच्याच आकाराचा खळगा उरतो ना, तसे खळगे त्या मण्यांत उरले. तिथं सॅकरिनच नेमकं बसणार, साखर नाही. हे मणी काचेवर पक्के बसवायचे, तर आधी त्यांना धरून ठेवणारा एक पातळ थर काचेला द्यावा लागतो.

इथंच फजिती झाली! माझ्या थोरल्या बहिणींवरचे मणी पहिल्याच धुण्यात वाहून गेले. काजल रडकुंडीला आली. रोज सकाळी ती चरकावर मदत करायची, हात वरवर धुवायची आणि कॉलेजसाठी बुलढाण्याची एसटी पकडायची. एके दिवशी एक पट्टी तिच्या बोटालाच चिकटून वर आली, तशी ती खो-खो हसत सुटली. उसाचा चिकटा! तो बोटांवरून काचेला लागायचा आणि थर काचेला धरायचाच नाही. चिकट हातांमुळेच काचेवर काही चिकटत नव्हतं.

मग तिनं हात खसखसून धुतले, हातमोजे घातले, मला न्हाऊमाखू घातलं, थर दिला आणि मणी बसवले. कितीही धुतलं तरी ते हलेनात. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

भरदुपारी रसवंतीसमोर गर्दी जमली. काजलनं आधी मुद्दाम सॅकरिन घातलेल्या रसाचा थेंब माझ्यावर सोडला. सॅकरिन खळग्यांत बसलं आणि मला जोडलेल्या यंत्रावरचा आकडा टुणकन वर चढला. मग मला स्वच्छ धुऊन तिनं आकडा शून्यावर आणला आणि आईच्या रसाचा थेंब सोडला. आकडा जागचा हलला नाही.

बनाबाई घाबरली. "पोरी, हे पट्टी बोलत काऊन नाही वं?"

"माय, ते गप हाय म्हणूनच तुहा रस खरा हाय!"

बनाबाईचा जीव भांड्यात पडला. हिंमतराव ओशाळून पुढे आले. "दोन गिलास दे, बनाबाई. हे जीभ लय चालली होती, तिले गोड कर." सगळे हसले आणि घुंगरं पुन्हा वाजू लागली.

आता माझे खळगे झिजलेत. मित्रांनो, मला जरूर हातात घ्या, पण आधी हात धुवा. आणि कुणाबद्दलची कुजबुज पुढे सांगण्याआधी तीही एकदा धुऊन पाहा. खरी असेल तर टिकेल; नाही तर पहिल्याच पाण्यात वाहून जाईल.